दाण्याचा रंग पाहिला, विष कोणी मोजले?



परतीचा पाऊस वऱ्हाडाला नवा नाही. मका वाळून सोंगणीला आलेला असतो, कणसे मोडून वावरात ढीग घातलेला असतो आणि नेमकी झडी लागते. चार दिवसांनी ताडपत्री उचलली की ढिगातून ऊन वाफ निघते. कणसाच्या शेंड्याला कुठे हिरवट-पिवळी, कुठे गुलाबी-पांढरी बुरशी दिसते. मग घरोघर एकच निवाडा होतो. बरा माल बाजार समितीत, त्याहून हलका कोंबडीच्या खाद्याला आणि अगदीच टाकाऊ तो घरच्या गाईम्हशींना. लक्ष्मी उकिरड्यावर टाकवत नाही, म्हणून त्यातलेच दोन पायल्या गिरणीवरही जातात.

बुरशीचे नुकसान आपण आजवर भावात मोजत आलो. क्विंटलमागे इतके कापले, इतके बुडाले, असा तो हिशेब. या हिशेबात एक रकाना कायम कोरा राहिला आहे. बुरशी लागलेल्या दाण्यात विष किती होते आणि ते कोणाच्या पोटात गेले, हा तो रकाना. तो बाजाराने भरला नाही, सरकारने भरला नाही आणि आपणही मागितला नाही.

बुरशी वेगळी, विष वेगळे

प्रत्येक बुरशी विषारी नसते. आणि जिथे विष आहे तिथे बुरशी डोळ्यांना दिसेलच असेही नाही. मका, भुईमूग आणि सरकी यांच्यावर अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस नावाची हिरवट-पिवळी बुरशी येते. ती अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करते. फ्युजेरियम नावाची दुसरी बुरशी मक्यावर आणि ज्वारीवर येते, तिचे विष फ्युमोनिसिन. बुरशी झटकून टाकली, दाणा धुतला, उन्हात कडकडीत वाळवला तरी दाण्यात आधीच उतरलेले विष जात नाही. भाकर तव्यावर भाजली किंवा कण्या रटरट शिजवल्या तरी अफ्लाटॉक्सिन बरेचसे तसेच राहते. त्याला चव नाही, वास नाही.

हे विष उघडकीस आले १९६० साली. इंग्लंडमध्ये एका हंगामात लाखभर टर्की पक्षी मेले. त्यांना ब्राझीलहून आलेली शेंगदाण्याची पेंड खाऊ घातली होती आणि त्या पेंडीत ही बुरशी होती. आज जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था अफ्लाटॉक्सिनला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात धरते. थोडे थोडे विष वर्षानुवर्षे पोटात गेले तर यकृताच्या कर्करोगाचा धोका वाढतो. ज्याच्या अंगात काविळीचा 'ब' विषाणू आहे त्याला तर तो कित्येक पटींनी जास्त. एकदम जास्त मात्रा गेली तर कावीळ होते, पोटात पाणी होते आणि माणूस दगावतो.

बांसवाड्यात काय झाले

हे पुस्तकी भय नाही. १९७४ च्या ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातेतील पंचमहाल या लगतच्या आदिवासी जिल्ह्यांत दोनशेवर गावांत काविळीची साथ आली. माणसे आजारी पडली तशी घरची कुत्रीही मेली, कारण दोघांचे अन्न एकच होते. नोंद झालेल्या ३९७ रुग्णांपैकी १०६ दगावले. शोध घेतला तेव्हा कळले की सोंगणीच्या तोंडावर अवकाळी पाऊस झाला होता, मका भिजला होता आणि लोकांनी तोच मका साठवून खाल्ला होता. त्या मक्यात किलोमागे ६.२५ ते १५.६ मिलिग्रॅम अफ्लाटॉक्सिन सापडले. आज आपल्या देशात खाण्याच्या धान्यासाठी कायद्याने ठरवलेली मर्यादा आहे किलोमागे १५ मायक्रोग्रॅम, म्हणजे एका टनात १५ मिलिग्रॅम. बांसवाड्याच्या सर्वात खराब मक्यात एका किलोतच, कायदा टनात सोसतो तेवढे विष निघाले.

पुढे १९९५ साली दख्खनच्या पठारावर पावसात भिजलेली ज्वारी आणि मका खाऊन २७ गावांतील माणसांना पोटदुखी आणि हगवण लागली. आजाऱ्यांची संख्या १४०० च्या वर होती आणि दोष निघाला फ्युमोनिसिनचा. २००४ साली केनियात घरचाच मका खाऊन १२५ माणसे मेली.

बांसवाडा आणि केनिया, दोन्ही ठिकाणी एक गोष्ट सारखी आहे. बळी पडले ते मका पिकवणारे आणि घरचा मका खाणारे.  अन्नभेसळीचे कायदे बाजारात आलेल्या मालाला लागू होतात. घरच्या कणगीला कोणताही कायदा नाही आणि तिथे कोणी निरीक्षक येत नाही. म्हणून धारणी-चिखलदऱ्याच्या डोंगरात, जिथे मका विकण्याइतकाच खाण्यासाठीही पिकतो, तिथे हा प्रश्न अकोल्याच्या बाजार समितीतल्या प्रश्नाहून मोठा आहे. ज्याच्या घरी दुसरे धान्य आहे तो बुरशीचा मका फेकू शकतो. ज्याच्या घरी तेवढेच आहे त्याला 'फेकून दे' असे सांगणे म्हणजे उपाशी रहा असे सांगणे आहे.

काळ्या ज्वारीचा धडा

वऱ्हाडाने ही कथा एकदा पाहिली आहे, फक्त पीक वेगळे होते. आपल्या जुन्या देशी ज्वाऱ्या दिवस लहान झाल्यावर निसवायच्या. दाणा भरेपर्यंत पाऊस गेलेला असायचा. १९६४ साली सीएसएच-१ हा पहिला संकरित वाण आला, पुढे सीएसएच-५ आणि सीएसएच-९ वऱ्हाडभर पसरले. उत्पन्न वाढले यात शंका नाही. पण हे वाण लवकर येणारे. त्यांचे कणीस भरते तेव्हा पाऊस डोक्यावरच असतो. दाणा भिजला, काळा पडला आणि 'काळी ज्वारी' हा शब्द बाजारात शिवीसारखा रूढ झाला. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने बुरशीला कमी बळी पडणाऱ्या वाणांवर काम केले, पण तोवर कास्तकाराने खरिपाच्या ज्वारीतून पाय काढून सोयाबीनमध्ये घातला होता.

त्या सगळ्या वर्षांत काळी ज्वारी कशी पारखली गेली? ओंजळीत घेऊन, डोळ्यांनी. दाण्याला काळपट करणाऱ्या कर्व्हुलारियासारख्या बुरशा आणि विष करणाऱ्या बुरशा बऱ्याचदा निरनिराळ्या असतात. काळ्या ढिगात विष नगण्य असू शकते आणि पांढऱ्याशुभ्र दिसणाऱ्या ढिगात ते असू शकते. बाजाराने रंगाला दाम कापला. विष मोजायचे यंत्र कोणत्याही ओट्यावर आले नाही. कास्तकार बुडाला आणि खाणाराही सुरक्षित झाला नाही. माल स्वस्त झाला म्हणून तो गरिबाच्याच ताटात गेला.

आज मक्याच्या बाबतीत तेच पुन्हा होऊ घातले आहे. डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर केंद्राने बंधने घातली आणि जानेवारी २०२४ मध्ये मक्याच्या इथेनॉलचा दर लिटरला ७१ रुपये ८६ पैसे केला. तेव्हापासून मक्याकडे कास्तकारांचे लक्ष वळले. ज्याने कधी मका पेरला नाही तोही पेरू लागला. पण पेरा वाढला म्हणून वाळवण्याचे ओटे वाढले का? कोठारे वाढली का? बाजार समितीत तपासणी आली का?

वाळवणारा मूर्ख ठरतो

आता बाजाराचे गणित पहा. हमीभावाच्या खरेदीला मक्यात १४ टक्क्यांपर्यंत ओलावा चालतो. बुरशी वाढू द्यायची नसेल तर साठवणुकीलाही १३-१४ टक्क्यांच्या आतच दाणा हवा. म्हणजे वाळवणे हे पिकाच्याही हिताचे आणि माणसाच्याही. पण वाळवले की वजन घटते. २० टक्के ओलाव्याचा एक क्विंटल मका १४ टक्क्यांवर आणला तर ९३ किलो उरतो. २४ टक्क्यांचा असेल तर ८८ किलो. १८ टक्क्यांचा असेल तर ९५ किलो. हे कोणीही घरी मांडून पाहू शकतो: शंभरातून ओलावा वजा करा, उरलेल्याला ०.८६ ने भागा.

२०२५-२६ चा हमीभाव २४०० रुपये आहे. त्या हिशेबाने २० टक्के ओलाव्याच्या क्विंटलची न्याय्य किंमत २२३२ रुपये होते. म्हणजे पाण्यापोटी कापायचे ते १६८ रुपये. वाळवणीचा खर्च वेगळा धरा, तोही पावतीवर लिहा. त्याहून जास्त कापले तर ते कशासाठी कापले, हे विचारायचा आपल्याला हक्क आहे. पण विचारणार कसे? यंत्र अडत्याकडे, आकडा अडत्याच्या तोंडात, पट्टीवर नुसते 'ओला माल' लिहिलेले.

आणि उलट बाजूने पहा. एखाद्याने चार दिवस मजूर लावून, ताडपत्र्या भाड्याने आणून मका १३ टक्क्यांवर आणला, बुरशीची कणसे निवडून बाजूला काढली. त्याला काय मिळते? त्याच दिवशीचा तोच भाव, आणि पोत्यामागे वजन कमी. जो ओला माल घाईने खपवतो तो जिंकतो, जो वाळवतो तो मूर्ख ठरतो. असा बाजार असेल तर कितीही शिबिरे घ्या, भित्तिपत्रके लावा, स्वच्छ मका पिकणार नाही. कास्तकार अडाणी आहे म्हणून बुरशी वाढते, असे सांगणाऱ्यांनी आधी हे गणित सोडवून दाखवावे.

चोथा, ढेप आणि दूध

कोणी म्हणेल, बुरशीचा मका कारखान्यात गेला तर काय बिघडले? त्याची दारूच होते, इंधनच होते. बिघडते ते असे. मक्यातल्या पिठूळ भागाचे इथेनॉल होते, विषाचे होत नाही. ते मागे राहिलेल्या चोथ्यात उतरते. हा चोथा मूळ मक्याच्या साधारण एक तृतीयांश भरतो, म्हणून विष त्यात जवळपास तिप्पट दाट होते. आणि हाच चोथा कोंबड्यांच्या आणि गुरांच्या खाद्यात जातो. अमरावतीच्या आसपास कोंबडीपालन करणारी आपलीच पोरे आहेत. पक्षी वाढत नाहीत, अंडी घटतात, यकृत सुजते, औषधांवर पैसा जातो. आपण विकलेले विष आपल्याच दुसऱ्या धंद्यात परत येते.

तीच गोष्ट सरकीच्या ढेपेची. वऱ्हाड कापसाचा मुलूख. भिजलेल्या, सडक्या बोंडातली सरकी, तिची ढेप, ती ढेप खाणारी म्हैस, हा धागा सरळ आहे. ढेपेतले अफ्लाटॉक्सिन जनावराच्या अंगातून काही अंशी दुधात उतरते, आणि तेही एका दिवसाच्या आत. २०१८ साली अन्न सुरक्षा प्राधिकरणाने देशभरातून दुधाचे ६४३२ नमुने तपासले. त्यातील ३६८ नमुन्यांत, म्हणजे ५.७ टक्क्यांत, हे विष मर्यादेबाहेर निघाले. दुधात पाणी घातल्याची बोंब होते. पण हे विष गवळी घालत नाही, ते खाद्यातून येते. दिलासा एवढाच की खराब खाद्य बंद केले तर तीन-चार दिवसांत दूध पुन्हा स्वच्छ होऊ लागते.

विमा वजन पाहतो

बुरशीचे नुकसान विम्यात कुठे बसते तेही पहा. सोंगून वावरात वाळत घातलेले पीक चौदा दिवसांच्या आत अवकाळी पावसाने खराब झाले तर भरपाई, असे कलम पंतप्रधान पीक विमा योजनेत होते. २०२५ च्या खरिपात महाराष्ट्राने हे काढणीनंतरचे संरक्षण वगळले आणि भरपाई केवळ पीक कापणी प्रयोगाच्या उत्पन्नावर नेली. पीक कापणी प्रयोग वजन मोजतो. बुरशीच्या दाण्यालाही वजन असतेच. म्हणजे मक्याचे मातेरे झाले तरी कागदावर उत्पन्न चांगले. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच.

आपल्या हातात काय आहे

सरकारकडे मागायचे ते मागूच. पण घरच्या माणसांच्या पोटाचा प्रश्न आहे, तेव्हा आज करता येण्यासारखे आजच करावे.

मक्याच्या दाण्याच्या बुडाशी, तो कणसाला चिकटतो तिथे, काळा थर दिसू लागला की पीक पक्व झाले. त्यानंतर दाणा भरत नाही. पाऊस दिसत असेल तर कणसे वावरात उभी ठेवण्यात फायदा नाही. मोडून आणावीत, ढीग न घालता पसरावीत. बियाण्याची आणि घरच्या खाण्याची कणसे सालीला बांधून आढ्याला, चुलीच्या धुरावर टांगायची जुनी रीत अजूनही चांगली आहे.

अळीने पोखरलेले कणीस ही बुरशीची उघडी दारे. २०१८ पासून अमेरिकन लष्करी अळी आपल्याकडे आली तेव्हापासून हा धोका वाढला आहे. पोखरलेली, फुटलेली, रंग पालटलेली कणसे मळणीच्या आधीच वेगळी काढावीत. थ्रेशरमधून एकदा निघाले की चांगले-वाईट एक होते. विष सगळ्या ढिगात सारखे पसरलेले नसते, थोड्याच दाण्यांत साचलेले असते. म्हणून हाताने निवडल्याने विष पुष्कळ कमी होते, आणि हे काम आपल्या मायबहिणी पिढ्यान्‌पिढ्या सुपात करत आल्या आहेत.

ओलावा मोजायला यंत्र नसेल तर कोरड्या काचेच्या बाटलीत मूठभर दाणे आणि चमचाभर कोरडे मीठ घालून हलवावे, पंधरा मिनिटे ठेवावे. मीठ काचेला चिकटले तर ओलावा १५ टक्क्यांच्या वर आहे, पोती भरू नयेत. मीठ सुटे राहिले तर भरावीत, तीही जमिनीवर न टेकवता फळ्यांवर.

आणि निवडून काढलेला बुरशीचा दाणा दुभत्या जनावराला, कोंबडीला आणि लेकराला देऊ नये. तो पुरावा. हे सांगणे सोपे आहे आणि ऐकणे जिवावर येते, हे ठाऊक आहे. म्हणूनच त्याचे दाम कोणी द्यायचे, हा प्रश्न पुढे येतो.

तपासणी हवी, पण नवा कडता नको

आमच्यातलेच काही भाऊ म्हणतात, विषाची तपासणी मागू नका, ते आपल्याच गळ्यात येईल. ओलाव्याच्या नावाने कापतात, मातीच्या नावाने कापतात, उद्या विषाच्या नावाने कापतील. ही भीती खोटी नाही. पण तपासणी नसली म्हणून कापायचे थांबले आहे का? आज 'बुरशी आहे' एवढे म्हणून कापतात आणि आपल्याकडे उत्तर नसते. न मोजलेल्या दोषाची कपात हीच सर्वात महाग कपात. मोजमाप आले तर ज्याचा माल स्वच्छ त्याला तसे सिद्ध करता येईल.

अमेरिकेत मक्याच्या खरेदी केंद्रावर पट्टीच्या चाचणीने काही मिनिटांत अफ्लाटॉक्सिन मोजतात. तिथल्या अ‍ॅरिझोनात सरकीत हे विष निघू लागले तेव्हा २००३ साली कापसाच्या वावरात टाकण्यासाठी एक बिनविषारी बुरशी मंजूर झाली. ती विषारी बुरशीची जागा अडवते. आफ्रिकेत नायजेरियाने त्याच तत्त्वावरचे औषध मक्यासाठी वापरात आणले. वऱ्हाडात कापूसही आहे आणि मकाही. आपल्या मातीतल्या बुरशांवर असे काम अकोल्याच्या विद्यापीठाने हाती घ्यावे, याहून रास्त अपेक्षा कोणती?

जिल्हा बैठकीपुढे म्हणून पुढील मागण्या ठेवतो. त्यांवर तालुक्या-तालुक्यात चर्चा होऊन ठराव व्हावेत.

१. मका येणाऱ्या प्रत्येक बाजार समितीत ओलावा मोजण्याचे यंत्र समितीचे असावे, अडत्याचे नव्हे. आकडा पट्टीवर लिहावा आणि कपात वर दिलेल्या गणिताइतकीच व्हावी.

२. १४ टक्क्यांच्या आतल्या, निवडलेल्या मालाला वेगळा ढीग, वेगळा लिलाव आणि चढा भाव मिळावा.

३. अफ्लाटॉक्सिनची पट्टी-चाचणी समितीच्या खर्चाने व्हावी. विष ढिगात सारखे पसरत नसल्याने नमुना अनेक ठिकाणांहून काढावा, त्यातला अर्धा सीलबंद करून कास्तकाराकडे द्यावा आणि फेरतपासणीचा हक्क असावा.

४. मर्यादेबाहेरचा माल नुसता परत पाठवू नये. परत पाठवलेला माल घरच्या चुलीवर किंवा गोठ्यातच जातो. तो ठरावीक दराने विकत घेऊन माणसाच्या आणि जनावराच्या खाण्याबाहेर काढावा.

५. इथेनॉल कारखान्यातून निघणारा चोथा आणि बाजारात विकली जाणारी ढेप यांच्या प्रत्येक खेपेवर विषाच्या चाचणीचा आकडा छापावा. गुरांच्या खाद्यासाठी मानक ब्युरोची मर्यादा किलोमागे २० मायक्रोग्रॅम आहे. ती कागदावरून गोठ्यापर्यंत यावी.

६. काढणीनंतरच्या नुकसानीचे विमा संरक्षण परत यावे आणि त्यात बुरशीचे नुकसान वजनाने नव्हे, प्रतीने धरावे.

७. मेळघाटात सोंगणीच्या दिवसांत वाळवणीचे ओटे आणि ताडपत्र्या मिळाव्यात. आणि ज्या घरचा मका खराब झाला त्याला त्याच्या बदल्यात खाण्यायोग्य धान्य, किलोला किलो, रेशन दुकानातून मिळावे.

यातली चौथी आणि सातवी मागणी सर्वात आधी लावून धरावी, असे आमचे मत आहे. बाकीच्या मागण्या भावाच्या आहेत आणि भावासाठी आपण लढतोच. या दोन मागण्या माणसांच्या जिवाच्या आहेत. बांसवाड्यातले १०६ जण बुरशी ओळखत नव्हते म्हणून मेले, असे समजू नका. खराब दाणा ओळखायला कास्तकाराला कोणी शिकवावे लागत नाही. तो बदलून द्यायला कोणी नव्हते.